नाईटच्या आठवड्यात फोडणी नसायची

माझा धाकटा भाऊ सोपान जन्मापासून अबोल आहे, असं आमच्या भावकीत सगळे मानतात. घरात नवी सून आली की तिलाही पहिल्या आठवड्यातच हे सांगून ठेवतात, म्हणजे तिनं मनाला लावून घेऊ नये. दोन वर्षांपूर्वी माझी नात गार्गी अकरावीत गेली आणि खोलीत बसून राहायला लागली. जेवायला हाक मारली तर आतून 'नको' एवढंच यायचं. तेव्हा माझा मुलगा सुनेला म्हणाला, "आपल्या घराण्यातच आहे ते. सोपानकाका बघ ना." मी पेपर वाचत होतो, तो खाली ठेवला. सोपान जन्मापासून अबोल नाही. आवाज फुटायच्या वयापर्यंत तो इतका बोलायचा की वस्तीवरची माणसं त्याला पाहिलं की वाट बदलायची. त्याला गप्प करण्यात माझा वाटा आहे. हे मी भरल्या मांडवात तोंडी सांगून पाहिलं, पण त्याचा परिणाम उलटाच झाला, म्हणून आता लिहून ठेवतो.

आमची वस्ती भोसरीच्या पलीकडे. शेतात ज्वारीच्या जागी कंपन्यांच्या भिंती यायला लागल्या होत्या, ते दिवस. आबा, म्हणजे आमचे वडील, मूळचे शेतकरीच. पण ते एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा कापून दाबायच्या खात्यात लागले आणि सगळं घरच शिफ्टमध्ये गेलं. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. आमचा रविवार गुरुवारी असायचा, कारण कंपनीची सुट्टी गुरुवारी. पाहुणे, केस कापणं, मटण, सगळं गुरुवारी. घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. कंपनीचा भोंगा वाजला की आई चूल पेटवायची, पुन्हा वाजला की आम्ही शाळेत निघायचो. एकदा भोंगा बिघडला होता, तर त्या दिवशी अर्धी वस्ती उपाशी राहिली.

नाईटचा आठवडा आला की घराचं वागणं बदलायचं. आबा सकाळी यायचे, चहात भाकरी बुडवून खायचे, मधल्या खोलीच्या खिडकीला गोधडी अडकवायचे आणि दुपार कलेपर्यंत झोपायचे. तोवर घरात आवाज करायचा नाही. आईनं कोंबड्या विकल्या. कुत्रा मामाकडे सोडून आलो. भाकरी थापल्याचा आवाज होतो म्हणून ती पीठ न थापता बोटांनी दाबत पसरायची. ती भाकरी जाड व्हायची आणि मध्ये कच्ची राहायची. आणि त्या आठवड्यात फोडणी नसायची. तेलात मोहरी तडतडली की आबांची झोप मोडे, म्हणून डाळ नुसती शिजवायची आणि वरून तिखट-मीठ आणि कच्चा कांदा. आजही बिनफोडणीचं वरण पानात आलं की मी आपोआप हळू बोलायला लागतो. मीठ हवं तर चिमूट दाखवायची, पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे न्यायचा. हसू आलं तर गोठ्यात जाऊन हसायचं, असा नियमच होता. रडण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं, पण त्यासाठीही आम्ही गोठ्यातच जायचो.

हल्ली आम्ही मोशीत अकराव्या मजल्यावर राहतो. मुलगा हिंजवडीला जातो, सून घरातून काम करते, गार्गी अभ्यास करते. तिघांच्याही कानांत काहीतरी खोचलेलं असतं. कुणी झोपलेलं नसताना एवढी शांतता आम्हाला कधी जमली नव्हती.

सोपान माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तो नकला करायचा. दूधवाला, कंडक्टर, वाकडं तोंड करून पान खाणारा तलाठी, सासूशी बोलताना वेगळी आणि आईशी बोलताना वेगळी अशी आमची चुलती. त्याची सगळ्यात नावाजलेली नक्कल म्हणजे भोंगा. रिकाम्या घागरीत तोंड घालून तो खालून असा सूर चढवत न्यायचा की म्हशी कान टवकारायच्या. गुरुवारी माणसं मुद्दाम येऊन त्याला भोंगा काढायला लावत. आबाही ऐकायचे. एकदा म्हणाले, "कंपनीचा मोडला तर ह्यालाच गेटवर बसवू."

ती मे महिन्याची सुट्टी होती आणि नाईटचा आठवडा. आई शेजारी मिरच्या कांडायला गेलेली, कारण कांडणं आमच्या घरात शक्यच नव्हतं. भर दुपार, करायला काही नाही. आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. मी म्हणालो, "तुझा भोंगा म्हशीलाच खरा वाटतो. माणूस न्हाई फसायचा."

"फसंल की," सोपान म्हणाला.

"मग आबांना उठवून दाखव."

"मारत्याल."

"मी हाय ना," मी म्हणालो.

त्यानं घागर घेतली. तो भोंगा मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला भोंगा होता. कंपनीच्या भोंग्यातसुद्धा एक खरखर असायची, ती त्यानं घेतली होती. आत धडपड झाली. खोलीत अंधार, त्यामुळे आबांना वाटलं रात्र झाली, ड्युटीला उशीर झाला. त्यांनी खाकी शर्ट चढवला, बूट घातले, फळीवरचा रिकामा डबा उचलला आणि धावतच अंगणात आले. अंगणात लख्ख ऊन होतं. समोर बायका मिरच्या कांडत होत्या. आबा डबा हातात धरून उन्हाकडे बघत उभे राहिले. मग बायका हसल्या, आई हसली, पलीकडच्या गोठ्यातून चुलता हसला. हा किस्सा इथपर्यंत खरा आहे आणि गमतीचाही आहे. आमच्यात दर लग्नात तो सांगतात, ते इथपर्यंतच, माझं पुढचं एक वाक्य जोडून.

आबा आत आले. चिडले नव्हते. बूट सोडता सोडता विचारलं, "कुणाचं डोकं हे?"

सोपान माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "मी नको नको म्हणत व्हतो."

आबांनी मान हलवली आणि परत जाऊन पडले. झोप काही लागली नाही. संध्याकाळी जेवून वेळेवर कामाला गेले. सकाळी नेहमीच्या वेळी आले नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांच्या लाइनवरचा एक माणूस सायकलवरून आला आणि अंगणातूनच आईला म्हणाला, "वहिनी, घाबरू नका, जीव ठीक हाय." आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती.

आबा पट्टी बांधून घरी आले तेव्हा भेटायला माणसं यायची, तशी राजगुरुनगरहून आत्या आली. तिनं पट्टीकडे बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झोप मोडली नसती तर बोटं ऱ्हायली असती." तिच्या मनात कुणाला बोल लावायचा नव्हता. एकाला दुसरं जोडलं, एवढंच. आबा म्हणाले, "व्हय. जरासा डोळा लागला." सोपान तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. त्यानं कप खाली ठेवले. तेव्हापासून तो बोलायचा थांबला.

हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण घरात न बोलणं हा गुणच होता. आधी वाटलं, पोराला वाईट वाटलंय. मग वाटलं, पोरगं सुधारलं. आबांना कंपनीनं स्टोअरचं हलकं काम दिलं, पण शिफ्ट तशाच राहिल्या. त्यामुळे गप्प पोरगा सोयीचाच होता. चुलती आपल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायची. मधल्या सुट्टीत तो एकटाच भिंतीला टेकून बसतो हे मला दिसायचं, पण मी मोठ्या वर्गात होतो आणि मला मित्र होते. दिवाळीच्या आधी त्याचे वर्गशिक्षक घरी आले. भला माणूस होता, चालत आला होता. आईनं त्यांना गूळ-पाणी दिलं.

"सोपान वर्गात एक अक्षर बोलत नाही," गुरुजी म्हणाले.

"घरी बी न्हाई बोलत," आई म्हणाली. "लई शहाणा झालाय."

"आधी नकला करायचा."

"त्याचंच तर झालं सगळं," आबा म्हणाले आणि हात पुढे करून दाखवला.

गुरुजींनी हाताकडे बघितलं. चहा पिऊन ते गेले. मी तिथेच ज्वारी निवडत बसलो होतो.

मागच्या वर्षी गार्गीच्या कॉलेजात पालकांची सभा होती. मुलगा-सून दोघांना मीटिंग, म्हणून मी गेलो. समुपदेशक बाई तिशीच्या असतील. त्या म्हणाल्या, या वयात मुलं घरात घडलेल्या प्रत्येक वाईट गोष्टीचं कारण स्वतःलाच समजतात, आणि आपण तसं समजतो हे सांगत मात्र नाहीत. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

बोटं गेली त्याच वर्षीचे थंडीचे दिवस होते. आमच्या गोठ्यात कडबा बारीक करायचं हाताचं यंत्र होतं, त्याला आम्ही कुट्टी म्हणायचो. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं कडब्याची पेंढी पात्याकडे सरकवत न्यायची. चाक मी फिरवायचो, पेंढी सोपान सरकवायचा. या कामात एक सवय असते: पेंढीचं शेवटचं टोक उरलं की हात सोडायचा. ते कुणी शिकवत नाही, हातालाच कळतं. त्या संध्याकाळी टोक आलं आणि सोपाननं हात सोडला नाही. त्याचा उजवा हात पेंढीवर सपाट होता, पाटावर ठेवावा तसा, आणि तो पेंढीबरोबर पुढे चालला होता. घाई नव्हती. त्याचं लक्ष नव्हतं असंही नाही. तो हाताकडेच बघत होता. मी चाकाला लोंबकळून ते थांबवलं.

"थांबलास का?" सोपान म्हणाला.

कित्येक महिन्यांनी मी त्याचा आवाज ऐकत होतो. मध्यंतरी तो फुटला होता. माझ्या भावाचा आवाज जाड झालाय हे मला तेव्हा कळलं. त्यानं अगदी साध्या सुरात विचारलं होतं.

"पेंढी संपली," मी म्हणालो.

"दुसरी आणतो," तो म्हणाला आणि गंजीकडे गेला. मी म्हणालो, ऱ्हाऊ दे, झालं आजच्याला.

त्या वेळी मला सगळं समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. तेव्हाच त्याच्यामागे जाऊन 'मी तुला कर म्हणालो होतो आणि नंतर खोटं बोललो' एवढं म्हटलं असतं, तर तो मला मारायला धावला असता आणि ते बरं झालं असतं. मी घरात गेलो आणि आईला म्हणालो, "सोपानला कुट्टीवर बसवू नको."

"का?"

"त्याचं ध्यान नसतं."

आईनं परातीतला हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. आम्ही घरात एकमेकांना फार विचारतच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी, नाईटचा आठवडा, आबा आत झोपलेले, आणि बारा वाजता आईनं कढईत तेल ओतून मूठभर मोहरी टाकली. फटाके वाजावेत तसा आवाज झाला. मग तिनं लसूण ठेचला, वरवंटा पाट्यावर आपटत. आबा डोळे चोळत बाहेर आले.

"काय चाललंय? नाईट हाय माझी."

"ठावं हाय मला. पोराला फोडणीची आमटी करतीय."

"आन् मी झोपू कवा?"

"भावजींच्या माडीवर झोपा," आई म्हणाली. "हितं आवाज व्हणार."

आबांना ती कधी असं बोलली नव्हती. ते गोधडी उचलून चुलत्याकडे गेले आणि नंतरही प्रत्येक नाईटला तिथेच झोपले. आईनं सोपानला चुलीपाशी बसवून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. त्याला काही विचारायची नाही, नुसती बोलायची. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी गेली, चुलतीनं उसनी नेलेली साखर कशी परत आली नाही. रोज शाळेतून आला की तासभर. भाकरी पुन्हा थापायला लागली, दणादण. माघाच्या सुमारास एकदा जेवताना सोपान म्हणाला, "मीठ कमी हाय." आई म्हणाली, "व्हय का?" आणि मीठ देऊन गोठ्यात गेली. बऱ्याच वेळानं आली.

असा तो जगला. पण कामापुरतं बोलणारा झाला आणि तसाच राहिला. पुढे राजगुरुनगरला पाण्याच्या टाकीवर पंप ऑपरेटर म्हणून लागला. पंपाच्या खोलीत बोललेलं ऐकूच येत नाही, त्यामुळे नोकरी त्याला मानवली. लग्न झालं, मुलं झाली. मला आबांच्या कंपनीनं अप्रेंटिस म्हणून घेतलं, बोटं गेलेल्या कामगाराचा मुलगा म्हणून. आम्ही पेढे वाटले.

आबा निवृत्त झाल्यावर एका गुरुवारी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मीही तेव्हा प्रेसवर काम केलेला माणूस होतो, म्हणून बोलणं मशीनवर आलं. आबा तीन बोटांनी तंबाखू मळत म्हणाले, "त्या दिवशी गार्ड मीच काढलं व्हतं." गार्ड म्हणजे पात्यापुढची जाळी, ती असली की हात आत जात नाही. "रोजच काढायचो. समदेच काढायचे. जाळी असली की काम सावकाश व्हतं. काढली की टारगेट लवकर संपायचं, पहाटं जरा आडवं व्हता यायचं."

"मग डोळा लागला म्हणालात ते?"

"डोळा कशाला लागतोय. टक्क जागा व्हतो. पर तुझ्या आयला काय सांगू, जाळी काढून हात घातला म्हणून? आक्कानं, तुझ्या आत्यानं, झोपेचं काढलं, म्या व्हय म्हणलं."

"सोपानला सांगितलं का हे?"

"त्याला काय सांगायचं," आबा म्हणाले. "तो कुठं काय बोलतो."

म्हणजे त्या घरात मी खोटं बोलून गप्प होतो आणि आबा खोटं बोलून गप्प होते. आम्ही दोघंही इतर बाबतीत भरपूर बोलायचो. आबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी सोपानला सांगितलं नाही. आबांचं सांगायला गेलो असतो तर माझंही सांगावं लागलं असतं.

'आपल्या घराण्यातच आहे' हे मुलानं म्हटल्यावर मात्र मला बसवेना. तरी त्यानंतर वर्ष गेलं. मागल्या वर्षी एकदाचा एसटीनं राजगुरुनगरला गेलो. सोपान अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, माझं आणि आबांचं. त्यानं नळी बाजूला ठेवून ऐकलं.

"बरं," तो म्हणाला. "मग आता काय करू मी त्याचं?"

त्याच्या बायकोनं पोहे आणले, आम्ही खाल्ले. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "लग्नात सांगत्यात, हसत्यात. तिथं सांग."

संधी या वैशाखात आली. चाकणच्या रस्त्यावरचं मोठं मंगल कार्यालय, चुलतभावाच्या नातवाचं लग्न. पंगत बसली आणि नेहमीप्रमाणे चुलतभाऊ बाळूनं सुरू केलं. "आबा डबा घेऊन उन्हात उभे! आणि आमचा नाना बिचारा नको नको म्हणतोय!" सगळे हसले. मी पानावरून उठलो आणि म्हणालो, नको म्हणत नव्हतो. मीच म्हणालो होतो कर. आणि बोटं झोपेनं गेली नाहीत, आबांनी गार्ड काढलं होतं, ते मला त्यांनी स्वतः सांगितलं.

मग बाळूचे डोळे भरून आले. "बघा," तो म्हणाला, "भावाला वाचवायला या वयात माणूस स्वतःवर घेतोय. थोरला असावा तर असा." माणसांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाचा मामा येऊन माझ्या पाया पडला. मी पुन्हा सांगायला लागलो तर बाळूनं मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पानात दोन जिलब्या जास्त वाढायला सांगितल्या.

सोपान माझ्या समोरच्या रांगेत होता आणि त्याच्या शेजारी गार्गी बसली होती, कारण दुसरीकडे जागा नव्हती. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती त्याच्याकडे वळली.

"सोपानआजोबा, आबांची बोटं तुमच्यामुळे गेली असं तुम्हाला कधीपर्यंत वाटत होतं?"

सोपाननं घास खाली ठेवला. "मागल्या साली नाना घरी आला ना," तो म्हणाला, "तवर."

गार्गीनं आपलं पान थोडं त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मग?"

तेवढ्यात बाहेर बँड सुरू झाला आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. दिसत मात्र होतं. सोपान आधी पानाकडे बघत बोलला, मग तिच्याकडे बघत. मध्येच त्यानं हातानं काहीतरी मोठं दाखवलं. ती हसली, मग हसायची थांबली. काय बोलले ते मी नंतर दोघांनाही विचारलेलं नाही. वाढपी भात घेऊन त्यांच्यापाशी आला, थांबला, पुढे गेला, फिरून पुन्हा आला. आमची सगळ्यांची पानं उचलली तरी सोपानचा भात वाढायचाच राहिला होता.